घाणेरी तोडली, पुढे काय?

घाणेरी ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. कुणी तिला टणटणी म्हणतो, सातपुड्यापलीकडे ती राईमुनिया होते आणि कुमाऊँच्या डोंगरात कुरी. शाळेच्या वाटेवर तिच्या फुलांचा झुबका खुडायचा, एकेक इवली नळी उपटून टोकाचा मधाचा थेंब चोखायचा, पिकलेली काळी फळे तोंडात टाकायची आणि आईने विचारले तर कानावर हात ठेवायचे, हा उद्योग आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. इतकी ती घरची झाली आहे, की ही बया मुळात या देशाचीच नव्हे असे सांगितले तर पुष्कळांना ते पटत नाही. आणि जंगलाचे सर्वांत मोठे दुखणे म्हणून आज हिचेच नाव घ्यावे लागते, हे तर त्याहून पटत नाही.

पण आकडे पाहावेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाघाचा वावर असलेल्या राज्यांतील जंगलांपैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात घाणेरी पसरली आहे, असे त्यात आढळले. म्हणजे त्या जंगलांचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग झाला. आपल्या महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या निम्म्याइतक्या भूमीवर एका झुडपाने बैठक मारली आहे. एवढे साम्राज्य आपल्या इतिहासात फार थोड्या सत्तांना जमले.

ती आली कुठून, ही कथा मोठी गमतीची आहे. तिचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. तिथल्या हौशी बागवानांना तिच्या फुलांचे रंग आवडले. काचघरांत वेगवेगळ्या जातींचे संकर झाले, शेकडो वाण तयार झाले, आणि मग साम्राज्यांच्या जहाजांतून ही शोभेची झुडपे जगभर गेली. हिंदुस्थानात ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात उतरली. कुंपणाला उत्तम, गुरे खात नाहीत, बारा महिने फुलते, म्हणून साहेबांच्या बंगल्यांभोवती आणि छावण्यांभोवती तिची रांग लागली. थोडक्यात, आज आपल्या रानात जी माजली आहे ती खरी रानटी वनस्पती नव्हेच. माणसाने बागेत घडवलेली आणि कुंपणावरून रानात उडी मारलेली अशी ती आहे. रानात आल्यावर तिला ना तिकडचे शत्रू भेटले, ना इकडचे कुणी ओळखीचे.

आता ओळख. वाचक म्हणतील, घाणेरी काय ओळखायची? फुले असली तर खरेच काही अडचण नाही. पण झुडूप उपटायची वेळ बहुधा फुले नसतानाच येते, आणि तिथे चुका होतात. तिचे कोवळे खोड हातात फिरवून पाहावे, ते चौकोनी लागते. कडांवर मागे वळलेले बारीक काटे असतात. पाने समोरासमोर, कडा करवतीसारख्या, आणि वरची बाजू पॉलिश पेपरसारखी खरखरीत. पान चोळले की तो उग्र दर्प येतो, ज्यावरून तिचे नाव पडले. मोकळ्यावर ती कमरेएवढी गोल जाळी होते. झाडाचा आधार मिळाला की वेलीसारखी वर चढून फांद्यांवर पसरते आणि तेव्हा अनुभवी माणूसही क्षणभर फसतो.

फसगतीचा दुसरा प्रकार अधिक वाईट. श्रमदानाला गेलेली उत्साही मंडळी घाणेरीच्या नावाखाली भारंगी छाटून येतात. भारंगीचे खोडही चौकोनी, पानांच्या कडाही करवती. पण तिला काटा नाही, आणि तिची पाने पुष्कळदा तीन-तीनच्या कड्यात येतात. कोकणातल्या बायका पावसाळ्यात जिची भाजी करतात आणि वैद्य जिची मुळे शोधतात, ती भारंगी ही. करवंदीचेही तसेच. काटे दिसले की कोयता चालला! करवंदीचे पान मोडले की पांढरा चीक येतो, घाणेरीच्या पानातून येत नाही. एवढी खूण पुरे. ज्याला ही एवढी पारख नाही त्याच्या हाती कोयता देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुलांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिच्या यशाचे एक रहस्य तिथे आहे. झुबक्यात मधली फुले पिवळी असतात आणि कडेची गुलाबी किंवा नारिंगी. ही वेगवेगळी फुले नव्हेत. फूल उमलते तेव्हा पिवळे असते, त्यात मध असतो. एक-दोन दिवसांत त्याचा रंग पालटतो. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकाने १८७७ मध्येच टिपून ठेवले होते, की फुलपाखरे पिवळ्या फुलांवर जातात आणि रंग बदललेली टाळतात. जुनी फुले झडू न देता झुबका मोठा आणि दुरून दिसेल असा ठेवायचा, पण जवळ आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र ताजाच माल दाखवायचा. कुठल्याही दुकानदाराने धडा घ्यावा अशी ही योजना आहे. मग फळे धरतात, ती बुलबुल, साळुंक्या आवडीने खातात आणि पुढच्या झाडावर बसून बी टाकतात. वाहतुकीचा खर्च शून्य.

रानात ती करते काय, हे शहरातल्या माणसाला चटकन दिसत नाही. हिरवेगार दिसते, फुले दिसतात. वाटते, जंगल मस्त वाढले आहे. पण त्या जाळीत वाकून जमीन पाहावी. गवत नाही. सागाची, आवळ्याची, बेहड्याची रोपे नाहीत. दाट सावली आणि पानांतून मातीत उतरणारी रसायने यांमुळे दुसऱ्या कुणाचे बी तिथे सहसा उभे राहत नाही. वर मोठी झाडे आहेत तोवर जंगल जिवंत भासते. पण ज्या घरात म्हातारी माणसे आहेत आणि पोरे नाहीत, अशा घरासारखी त्याची अवस्था असते. गवत गेले की चितळ-सांबर तिथून हलतात आणि शेताकडे वळतात. रानडुकरांना आणि बिबट्यांना गावाच्या वेशीशी दडायला आयती जागा मिळते. मोहाची फुले वेचायला, सरपण आणायला गेलेल्या बाईला चार हातांवर काय बसले आहे ते दिसत नाही. वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांची चर्चा आपण करतो. त्यात ही जाळी क्वचितच कुणाच्या तोंडी येते.

गुरांचेही हाल आहेत. गावची जनावरे हिला ओळखून असतात, तोंड लावत नाहीत. पण दुष्काळात चारा संपला, किंवा परमुलखातून नवे जनावर आणले, तर ते पाला खाते. पाल्यातल्या लँटाडीन नावाच्या विषाने यकृत बिघडते, डोळे पिवळे पडतात, रवंथ थांबतो आणि उन्हात उभे केले की नाकपुडीची, कानाची कातडी सोलून निघते. पोरांनी फळे खाल्ली तरी हिरवी, कच्ची कदापि खाऊ नयेत, हेही इथेच सांगितलेले बरे.

हिला आवरायचे प्रयत्न आजचे नव्हेत. १९०२ मध्ये हवाई बेटांवरच्या लोकांनी मेक्सिकोतून हिचे शत्रू असलेले कीटक मागवून सोडले. तणाच्या मागावर त्याच्या मायदेशी जाऊन किडे शोधून आणण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयोग मानला जातो. पुढे निरनिराळ्या देशांत चाळीसच्या आसपास प्रकारचे कीटक व बुरशी वापरून झाल्या. आपल्याकडे १९४१ मध्ये पानांचा रस शोषणारा तेलिओनेमिया नावाचा इवला किडा ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला. तपासणीत तो सागाच्या फुलांवरही जगतो असे दिसले, म्हणून त्याला रानात सोडायचे नाही असे ठरले. पण तोवर स्वारी बंदोबस्तातून निसटली होती! तो देशात पसरला, सागाचे फार काही बिघडले नाही, आणि घाणेरीचेही नाही. युगांडात मात्र १९६० च्या दशकात हाच किडा तिळाच्या पिकावर आढळला. संकरांतून घडलेल्या, शेकडो रूपे धारण केलेल्या वनस्पतीवर एकच किडा लागू पडावा, ही अपेक्षाच जरा भाबडी. तणनाशकांबद्दल फार बोलायला नको. ज्या रानात माणसे भाजी खुडतात आणि ज्या ओढ्याचे पाणी गावात पितात, तिथे फवारणी कोण करू देईल?

मग उरतो कोयता. आपल्याकडची सगळी भिस्त त्याच्यावर आहे आणि सगळा घोटाळाही तिथेच आहे. घाणेरी जमिनीच्या वर तोडली की मरत नाही. तिचे खोड संपून मूळ सुरू होते त्या सांध्यावर डोळे असतात. वरचा भार गेला की ते सगळे एकदम फुटतात. एका खोडाच्या जागी आठ-दहा धुमारे येतात आणि पुढच्या पावसाळ्याअखेर जाळी पहिल्याहून दाट होते. जाळली तरी तेच. तोडून टाकलेल्या फांद्या ओल्या मातीला टेकल्या तर त्यांनाही मुळे फुटतात. म्हणजे कोयत्याने आपण घाणेरी छाटत नाही, तिची कलमे करीत असतो.

याला उपाय आहे, आणि तो फार अवघड नाही. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात तो करून दाखवला. २००९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्धही केला. झुडपाच्या बुंध्याशी कुदळीने जमिनीखाली दोन-तीन बोटे खोल घाव घालायचा, असा की तो डोळ्यांचा सांधा वरच्या भागाबरोबर निघून यावा. सबंध मूळ खणत बसायचे नाही. त्याने माती उकरली जाते आणि मातीत झोपलेले बी जागे होते. मग झुडूप उचलून तिथेच उलटे ठेवायचे, मुळे आकाशाकडे. फांद्या मातीत रुजू शकत नाहीत, वाळून जातात. दोन माणसे आणि एक कुदळ, एवढेच भांडवल. जमीन ओली असताना हे काम सोपे जाते आणि फळे पिकण्याआधी केले तर बी सांडत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, प्रश्न सुटला. तसा तो सुटलेला नाही, कारण प्रा. बाबूंच्या पद्धतीचा उत्तरार्ध लोक विसरतात. मातीत बी काही वर्षे टिकते, आणि पक्षी नवे आणतच असतात. म्हणून पुढची किमान दोन-तीन वर्षे दर पावसाळ्यात त्याच जागी परत जाऊन, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि ओढ्याच्या काठाने, उगवलेली रोपे उपटावी लागतात. शिवाय मोकळ्या झालेल्या जमिनीवर लगेच गवत आणावे लागते. सरकारी कामाची रीत नेमकी याच्या उलट बसते. निधी यायचा वर्षाच्या उत्तरार्धात, तो खर्च व्हायचा मार्चअखेरच्या आत. त्या वेळी जमीन दगडासारखी, कुदळ उडते. मग मजूर बिचारे कोयत्यानेच भागवतात. बिल निघते ते किती हेक्टर तोडले यावर. तीन वर्षांनी तिथे घाणेरी नाही, याचे बिल कुठल्याच नमुन्यात बसत नाही. त्यामुळे तेच क्षेत्र चार-पाच वर्षांनी पुन्हा तोडायला मिळते आणि कुणाचीच तक्रार नसते, घाणेरीचीही नाही.

मोकळ्या जागेत काय येते, यावर सगळे अवलंबून आहे. कोकणात घाणेरी काढून पाठ फिरवली तर रानमोडी येते. हीही परदेशीच, आणि नाव किती नेमके! रान मोडून टाकणारी. विदर्भात रानतुळस येते, आणि उघड्या माळावर गाजर गवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत. (जाता जाता: रानमोडीला केरळात ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. ज्या त्या मुलखाने आपल्याकडच्या वाढत्या पक्षाचे नाव तणाला द्यावे, ही लोकांची विनोदबुद्धी कौतुकास्पद आहे. यापुढच्या तणाचे बारसे कुणाच्या नावाने होईल ते सांगवत नाही.) तेव्हा खरा मुद्दा गवताचा आहे. मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागी आज कुरणे उभी आहेत, त्यांवर चितळ-सांबरांचे कळप उतरतात. मारवेल, पवन्या यांसारखी आपली गवते दाट बसली की घाणेरीच्या बियांना सहज थारा मिळत नाही. वृक्षारोपणाचा सोहळा फोटोत छान दिसतो; गवताचे बी पेरतानाचा फोटो कुणी काढीत नाही.

जंगलात राहणाऱ्या माणसांना या बाबतीत काही ठाऊक असते, ते विचारायची आपली पद्धत नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. उन्हाळा भरात येण्याआधी, पालापाचोळा थोडा असतानाच ते रानात हलकी आग फिरवीत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि ही आग बंद झाली. त्यानंतर घाणेरी बेफाम वाढली, असे सोलिगांचे म्हणणे. संशोधकांनी तिथे १९९७ मध्ये जे जमिनीचे तुकडे पाहिले, त्यांपैकी निम्म्याहून कमी तुकड्यांत घाणेरी होती. २००८ मध्ये पाचांपैकी चार तुकड्यांत. हलक्या आगीत तिची कोवळी रोपे मरत असावीत. पण एकदा जाळी माजली की तेच सुके लाकूड वणवा भडकवते आणि ती स्वतः बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून आज उठून काडी लावावी असे कुणी समजू नये. वेळ केव्हाच टळून गेली आहे. पण निर्णय घेताना सोलिगांना कुणी विचारले असते, तर निदान बदल्यात काय करायचे याचा विचार झाला असता.

याच सोलिगांनी पुढे या संकटातून रोजगारही काढला. माले महादेश्वर डोंगरात बांबू दुर्मिळ झाला तेव्हा घाणेरीच्या काठ्या उकडून, साल काढून त्यांच्या खुर्च्या-टेबले करायला ते शिकले. निलगिरीच्या परिसरातील आदिवासी कारागिरांनी तर घाणेरीचे खऱ्या आकाराचे हत्ती बनवले. २०२१ मध्ये ते लंडनच्या उद्यानांत दिमाखात उभे होते. ज्या देशाच्या काचघरांत हिचे लाड झाले, तिथे ती हत्ती होऊन परतली! कौतुक करावे तेवढे थोडे. पण खुर्चीला जाड, सरळ काठी लागते आणि रानातली बहुतेक जाळी बारीक, वेडीवाकडी असते. आणि उद्या खुर्च्यांचा धंदा भरभराटीला आला तर घाणेरी संपू नये असे वाटणारी मंडळीही तयार होतील. हा जोडधंदा आहे, उपाय नव्हे.

एक आक्षेप शहरातल्या निसर्गप्रेमींचाही असतो. घाणेरी काढली तर फुलपाखरांचे काय? प्रश्न रास्त आहे. पण तिच्यावर फुलपाखरे जेवायला येतात. ती त्यांची खाणावळ आहे, बाळंतघर नव्हे. अंडी घालायला त्यांना लिंबू-कढीपत्ता, रुई, पानफुटी अशी आपापली ठरलेली झाडे लागतात, आणि घाणेरीच्या रेट्याखाली रानातून तसलीच झाडे आधी जातात. हेही खरे, की शहराजवळच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर लहान पक्ष्यांना, मुंगसाला, सशाला लपायला आज दुसरे काही उरलेले नाही. तेव्हा सगळी टेकडी एका रविवारी सफाचट करण्याचा पराक्रम नको. तीव्र उतारावर तर नकोच. पहिल्याच वळवात माती खाली येईल. पट्ट्यापट्ट्याने काढावी, काढलेल्या पट्ट्यात गवत आणि देशी झुडपे धरली की पुढच्या पट्ट्याला हात घालावा.

हे सगळे कोण करणार? जो तिसऱ्या वर्षीही तिथे असेल तो. ठेकेदार नसतो, अधिकाऱ्याची बदली झालेली असते. गाव मात्र असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या रानाची राखण करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. अमरावती जिल्ह्यात पायविहीरसारख्या गावांनी ते मिळाल्यावर उजाड रान पुन्हा उभे केले, सीताफळे शहरात विकली. आपल्या गुरांना गवत आणि आपल्या बायकांना वाट हवी असलेले गाव बी उगवले की उपटते, त्यासाठी त्याला निविदा लागत नाही. रोजगार हमी देशाला शिकवणाऱ्या महाराष्ट्राला, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर तीन वर्षे सलग चालणारे काम आखता येऊ नये? मजुरी द्यावी, पण निम्मी तिसऱ्या वर्षाअखेर, जागा पाहून.

घरच्या पातळीवर करण्याजोगेही थोडे आहे. रोपवाटिकांत अजून शोभेची घाणेरी मिळते, नवनव्या रंगांत. काही वाणांना बी धरत नाही, असे सांगून ती विकतात. ते खरेही असेल, पण त्यांचे पराग कुंपण ओलांडून रानातल्या घाणेरीपर्यंत जाऊ शकतात. सोसायटीच्या बागेत तिच्या जागी अबोली, कोरांटी लावता येईल. आणि येत्या भाद्रपदात मुलांना घेऊन टेकडीवर जाल तेव्हा एखाद्या एकट्या वडाखाली किंवा विजेच्या तारेखाली वाकून पाहावे. वीतभर उंचीची, चौकोनी खोडाची, खरखरीत पानांची रोपे दिसतील. पान चोळून वास घ्यावा, खात्री करावी. त्या वयात ती दोन बोटांत मुळासकट येतात, कुदळ लागत नाही.